किटबॅग वाळेपर्यंत

मित्रांनो, मी जुनी किटबॅग आहे हे वेगळे सांगायला नको. माझ्या अंगावरची ठिगळे ते काम परस्पर करतात. जाड, हिरवट कॅनव्हासची, उभी, लांबोडकी अशी मी. मला कप्पे नाहीत, चेन नाही, चाके तर नाहीतच. वर एक तोंड, तोंडाभोवती पितळी कड्या, कड्यांतून ओवलेली दोरी आणि आत नुसते पोट. हल्लीच्या बॅगांना म्हणे बारा कप्पे असतात. तरी माणसे चष्मा शोधत बसतात ती बसतातच.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्र्याच्या छपराखाली शिवणयंत्रांच्या रांगा होत्या आणि त्यांच्या खडखडाटात कुणाला कुणाचे बोलणे ऐकू येत नसे. मला शिवणाऱ्या बाईच्या अंगठ्याला घट्टा पडलेला होता. बूड शिवताना ती शिवण दोनदा मारायची. सगळा भार बुडावर येतो, हे तिला ठाऊक होते. मग एका माणसाने माझे दोन्ही बाजूंनी कान पिळल्यासारखे पट्टे ओढून पाहिले, पोटावर एक शिक्का मारला आणि मी सैन्यात भरती झाले.

माझ्या वाट्याला आला एक नवखा जवान. त्याचे बूट त्याच्यापेक्षा मोठे वाटायचे. त्याच्या तुकडीचे काम पूल बांधण्याचे होते. लोखंडी तुळया जोडून नदीवर पूल उभा करायचा, गाड्या पलीकडे गेल्या की तोच पूल सोडवून पुढच्या नदीवर न्यायचा. तिथला उस्ताद रोज एकच गोष्ट घोकून घ्यायचा. "शिट्टी झाली की बॅग खांद्यावर. तेव्हा भरायला बसलात तर गाडी निघून जाईल. बॅग कायम भरलेली पाहिजे."

माझ्या जवानाने ते असे मनावर घेतले की विचारू नका. एक वस्तू काढायची, वापरायची, धुऊन-पुसून, घडी घालून लगेच माझ्या पोटात परत. टॉवेल वाळला की आत. वस्तरा पुसला की आत. झोपताना मी त्याच्या पायाशी उभी, दोरी आवळून, तयार. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी माझ्यावर थाप मारली आणि म्हणाले, "बॅग असावी तर अशी." त्या दिवशी मी अशी काही फुगले की दोरी घट्ट बसेना.

पुढे एका पुलाच्या कामावर त्याचे बोट तुळईखाली चेंगरले आणि त्याला सैनिकी दवाखान्यात जावे लागले. तिथे एक नर्स होती. आवाज करारी, हात हलका. बोट बरे झाले तरी हा पट्टी बदलायला जातच राहिला. मला कसे कळले म्हणाल, तर तो जाण्याआधी माझ्यातून आरसा काढून भांग पाडायचा. जखम बोटाला आणि तयारी केसांची. त्या दोघांचे लग्न झाले ते दोन बदल्यांच्या मधल्या सुट्टीत, घाईघाईने. लगेच तो एका टोकाला आणि ती दुसऱ्या टोकाला.

बऱ्याच महिन्यांनी दोघांना एकत्र सुट्टी मिळाली. पंधरवड्याची. निम्मी त्याच्या आईवडिलांकडे, निम्मी तिच्या वडिलांकडे, असे दोघांनी फोनवर ठरवले. स्टेशनवर भेटल्यावर तिने आपल्या लहानशा बॅगेतले कपडे माझ्यात घातले, म्हणजे एकच ओझे राहील. खाली त्याचे, वर तिचे. त्याला शर्ट हवा असला की तिचे सगळे कपडे आधी बाहेर काढावे लागायचे. तो ते इतक्या हौसेने काढायचा आणि इतक्या हौसेने परत भरायचा की शर्ट मुद्दाम तळाशी ठेवतो की काय, असे मला वाटायला लागले. ते दिवस मला फार आवडले.

आधी आम्ही त्याच्या घरी गेलो. घर लहान, गल्लीच्या वळणावर. त्याची आई शिवणकाम करायची. गल्लीतल्या निम्म्या माणसांच्या विजारी तिनेच आखूड केलेल्या होत्या. वडील वायरमन होते, आता घरीच असत. बोलणे बेताचे, चहा मात्र बेसुमार. आईने दारातच लेकाचे दोन्ही हात धरले आणि ते चेंगरलेले बोट आधी पाहिले. मग सुनेला म्हणाली, "तुझ्या हातचं आहे ना हे? छान जुळलंय." नर्स लाजली. सुरुवात अशी गोड झाली होती.

दोघांना आतली खोली दिली. तिथे एक पलंग होता आणि भिंतीला लागून दोन दारांचे लाकडी कपाट. मला दाराशी उभे केले, कपाटाच्या अगदी समोर. नर्सने कपाटाकडे पाहिले तसा जवान हळूच म्हणाला, "त्याला हात लावू नकोस हं. त्यात गिऱ्हाइकांचं कापड असतं. लहानपणी मी आत लपलो होतो तर आईनं असा चोप दिला, आठवलं तरी पाठ दुखते."

"मग कपडे?"

"बॅगेत आहेत की. आपल्याला काय कपाट लागतं?"

तिलाही पटले. रात्रपाळ्या आणि बदल्या करून तिचीही सवय तीच झाली होती.

दुसऱ्या दिवशी दोघे बाहेर फिरायला गेले आणि आई खोलीत आली. तिने कपाट उघडले. मित्रांनो, ते कपाट रिकामे होते. सगळे कप्पे पुसून त्यांवर नवा कागद अंथरला होता, कडा दुमडून. दांडीला नवे हँगर ओळीने लावले होते. एका कोपऱ्यात साबणाची न उघडलेली वडी ठेवली होती, कपड्यांना वास लागावा म्हणून. तिने हँगरांवरून हात फिरवला. एकही हललेला नव्हता. मग तिने पलंगाकडे पाहिले. माझ्या जवानाने उठल्या उठल्या चादर अशी ताणून बसवली होती की त्यावर रात्री कुणी झोपले होते यावर विश्वास बसू नये. शेवटी तिने माझ्याकडे पाहिले. मी आपली दोरी आवळून, भरलेली, दारात उभी. आयुष्यभर मला त्या रूपाचा अभिमान होता. त्या वेळी मात्र कुठे तोंड लपवावे ते कळेना.

ती रोज यायची. ते दोघे बाहेर पडले की यायची, कपाट उघडायची, बंद करायची. कधी एखादा हँगर नीट असूनही नीट करायची. आणि कपाटातून काढलेले ते गिऱ्हाइकांचे कापड कुठे होते? स्वयंपाकघरात, खोक्यांत. खोक्यांची चळत टेबलापर्यंत आली होती. वडील एकदा वैतागून म्हणाले ते मी भिंतीपलीकडून ऐकले.

"अगं, ते कापड ठेव आता परत. मला चहाचा कप ठेवायला जागा नाही."

"राहू द्या. अजून लावतील कपडे."

"अगं, सांग ना मग त्यांना."

"सांगून काय लावायचेत? आपलं घर वाटलं असतं तर लावले असते. लॉजवर उतरल्यासारखे उतरलेत दोघं. आपल्या बाबूचं एक सोडा, त्याला लहानपणापासून कळत नाही. पण ती? तिला नाही वाटलं एकदाही, दार उघडून बघावं?"

वडिलांनी चहा ओतून घेतला. ती हलक्या आवाजात पुढे म्हणाली, "नाही रमायची ती इथं. पुढच्या सुट्टीला बघा, काहीतरी निमित्त निघेल."

आता तुम्हीच सांगा, मला काय वाटले असेल! मला तोंड आहे, पण ते फक्त दोरीने बंद करण्यापुरते. एक शब्द बोलता आला असता तर सगळे तिथेच मिटले असते. इकडे ही दोघे वेगळ्याच घोरात. नर्स म्हणाली, "आई हल्ली गप्प गप्प असतात रे. आणि आपण बाहेर गेलो की खोली आवरायला येतात वाटतं. त्यांना काम पडतंय आपलं." जवान म्हणाला, "खोक्यांचा ढीग पाहिलास ना? कामं तुंबली असणार. आपण एक दिवस आधीच निघू या, तिला मोकळं करू." एवढ्या मोठमोठ्या तुळया जोडणारा माणूस! पण घरातल्या दोन बायकांमध्ये काय सुटले आहे ते त्याला दिसेना.

ते आधी निघतो म्हणाले तेव्हा आईने डोळेही वर केले नाहीत. "हो, जा की. तिकडं वाट बघत असतील," एवढेच म्हणाली आणि यंत्रावर बसली. पायाखालची पट्टी जोरात चालायला लागली. त्या वेळी यंत्रात कापड नव्हते. ते मला दारातून दिसले, जवानाला दिसले नाही.

नर्सचे वडील बेकरीवाले. रेल्वेने जवळजवळ दिवसभराचा प्रवास. खाली भट्टी आणि दुकान, वर दोन खोल्या. तिची आई जाऊन बरीच वर्षे झाली होती. ती त्यांना अप्पा म्हणायची आणि ते तिला छकुली. अख्खा वॉर्ड जिच्या एका नजरेने गप्प होतो, तिला छकुली म्हटलेले ऐकून माझ्या जवानाला पहिल्यांदा ठसका लागला. अप्पांच्या कोपरापर्यंत कायम पीठ असायचे आणि भुवया पांढऱ्या झाल्या होत्या त्या पिठाने की वयाने, हे कुणाला सांगता आले नसते.

तिथेही मी दारात. जिन्याच्या शेवटच्या पायरीजवळ, भरलेली, तयार. अप्पा पहाटे खाली भट्टी पेटवायचे आणि पहिला पाव निघाला की गरम लादी घेऊन वर यायचे. वर आले की आधी माझ्याकडे बघायचे. मग आत बघायचे. मला वाटले, वाटेत उभी आहे म्हणून बघत असतील.

तिसऱ्या दिवशी दोघे गावात गेले होते. अप्पा वर आले, माझ्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "चल गं बाई." त्यांनी दोरी सोडली. एकेक करून सगळे कपडे काढले आणि आपल्या कपाटाच्या खणांत लावले. तिचे एका खणात, त्याचे दुसऱ्यात. मोजे तेवढे कुठे ठेवावेत ते त्यांना सुचेना, तेव्हा ते त्यांनी टोपलीत ठेवले. मग मला उलटी करून झटकले. भरती झाल्यापासून मी इतकी रिकामी कधीच नव्हते. पोट खपाटीला गेले होते. आणि मग त्यांनी काय करावे? मला गच्चीवर नेऊन, साबण लावून, ब्रशने खसाखसा घासले आणि पाण्याच्या टाकीत चांगली बुचकळून दोरीवर टाकले. गच्ची खोलीला लागूनच, दार उघडे, त्यामुळे दोरीवरून मला आतले सगळे दिसत होते.

जाड कॅनव्हास वाळायला किती वेळ लागतो, हे ज्याने धुतला असेल त्यालाच माहीत. त्यात हवा ढगाळ होती.

दोघे परत आले तेव्हा जवानाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "अप्पा, बॅग?"

"धुतली. मळली होती फार."

"अहो, पण बोलावणं आलं तर? एकदम निघायचं झालं तर?"

"पिठाची पोती आहेत खाली. त्यात भरून जा." अप्पा पाव कापत होते. सुरी थांबली नाही.

नर्स त्यांच्याजवळ जाऊन बसली. "अप्पा, मुद्दाम केलंत ना तुम्ही?"

आता सुरी थांबली. "छकुले, तू आल्यापासून ती बॅग दारात उभी आहे. मी पहाटे भट्टीवर असतो. वर येताना रोज जिन्यात धाकधूक होते. बॅग आहे ना, बघतो. नसली तर तुम्ही गेलात. आता आलेल्या पोरांना, बाबांनो कपडे बाहेर काढा, असं काय सांगायचं? म्हातारा चिकटला म्हणाल. म्हणून भिजवली. निदान वाळेपर्यंत तरी तुम्ही इथंच आहात, एवढं मला कळलं."

जवान मान खाली घालून टोपलीतले मोजे बघत बसला. नर्सने अप्पांचा पिठाळलेला हात आपल्या मांडीवर घेतला. मग ती नवऱ्याला म्हणाली, "आई रोज आपल्या खोलीत यायच्या. तू म्हणालास, आवरायला येतात. काय आवरायचं होतं तिथं? आपण एक रुमालसुद्धा बाहेर ठेवला नव्हता."

"मग कशाला येत असेल?"

"तेच विचारतेय. गिऱ्हाइकांचं कापड कुठं होतं?"

"कपाटात."

"ते तर स्वयंपाकघरात होतं. खोक्यांत. बाबांना कप ठेवायला जागा नव्हती."

तो उठला आणि खाली दुकानातल्या फोनकडे गेला. ती मागोमाग. जाताना जिन्यात तिने माझी सोडलेली दोरी उचलून हाताला गुंडाळली होती. मी गच्चीवर, ठिबकत. पण दुकानाचा फोन म्हणजे सगळ्या इमारतीला ऐकू जाणारी गोष्ट. वडिलांनी फोन उचलला असावा. जवानाने एवढेच विचारले, "बाबा, आम्ही होतो तेव्हा कपाटात काय होतं?" आणि मग नुसता ऐकत राहिला. तिनेही फोनला कान लावला असावा.

वर आल्यावर तो म्हणाला, "बाबा म्हणाले, काही नव्हतं रे. तुमच्या कपड्यांसाठीच रिकामं केलं होतं तिनं."

तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. नर्सनेच अप्पांना सगळे सांगितले, नवा कागद आणि हँगरसुद्धा. "आणि त्यांना वाटलंय की मी नाही रमणार. बाबा म्हणाले, काल त्यांनी कापड परत भरलं."

अप्पांनी पावाचे तुकडे झाकून ठेवले. "मग जा की."

"कुठं?"

"तिकडं. सुट्टी आहे ना अजून?"

"पण अप्पा, हे दिवस तुमचे आहेत."

"माझे झाले," अप्पा म्हणाले. "मी तुमचे कपडे लावले माझ्या खणात. तिला तेही मिळालं नाही." हे ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, पण म्हणून झाल्यावर उगाचच भुवया पुसल्या.

मी मात्र वाळायला तयार नव्हते. संध्याकाळी अप्पा गच्चीवर आले, मला चाचपले आणि स्वतःवरच चिडले. "चांगली बुचकळून काढली, शहाणा मी," असे काहीतरी पुटपुटले. मग मला खांद्यावर टाकून खाली नेले आणि भट्टीच्या तोंडापासून हातभर अंतरावर, काठीवर टांगले. पावाच्या लाद्या आत-बाहेर करताना ते मधूनमधून मला फिरवायचे. जळू नये म्हणून एक बाजू, मग दुसरी बाजू. मित्रांनो, मला खूप माणसांनी वाहिले, साहेबांनी माझी पाठ थोपटली, पण मी सर्वांत जास्त मानते ते या माणसाला. लेक थांबावी म्हणून त्याने मला भिजवले आणि लेक जावी म्हणून त्यानेच मला वाळवले. शिवणींपर्यंत कोरडी झाले तेव्हा माझ्या अंगाला पावाचा वास लागला होता. दुसऱ्या दिवशी भरताना त्यांनी तळाशी एक मोठा पाव घातला, त्यावर कपडे. "पुढच्या सुट्टीला आधी इकडं," म्हणाले आणि गिऱ्हाईक आले म्हणून दुकानात गेले. गिऱ्हाईक आले नव्हते.

जवानाच्या आईने दार उघडले आणि दोघांना पाहून म्हणाली, "काय विसरलं?"

नर्स म्हणाली, "आई, कपाट उघडू का?"

"त्यात कापड आहे गिऱ्हाइकांचं." आवाज कोरडा. मागे वडील चहाचा कप धरून उभे होते. कप ठेवायला टेबल आता मोकळे होते, पण ते ठेवत नव्हते.

"आई, यांनी मला सांगितलं होतं, कपाटाला हात लावायचा नाही. लहानपणी मार खाल्लाय म्हणे त्यापायी."

आईने लेकाकडे पाहिले. "अरे, तेव्हा तू सहा वर्षांचा होतास! चिखलाच्या पायांनी शिरला होतास आत. नव्या शर्टाच्या कापडात."

"मला वाटलं, अजून तसंच आहे," जवान म्हणाला.

आई हसली नाही. राग एवढ्या लवकर थोडाच जातो, आणि त्यात तो इतके दिवस मनात दाबून ठेवलेला. नर्सने मग वाद घातला नाही, माफीही मागितली नाही. तिने मला खोलीत नेले, दोरी सोडली आणि बूड धरून सगळेच्या सगळे पलंगावर ओतले. शर्ट, मोजे, तिचे झगे, साबण, पाव, सगळे एका ढिगात. माझ्या जवानाचे हात घड्या घालायला पुढे झाले, पण त्याने ते खिशात घातले.

आई दारात उभी राहून बघत होती. मग ती पुढे आली आणि ढिगातून लेकाचा एक शर्ट उचलला. "अशी घडी असते का? बाह्या बघ कुठे चालल्यात," म्हणाली. तिने त्याची पुन्हा घडी घातली. दुसरा उचलला. नर्सने कपाट उघडले आणि गिऱ्हाइकांच्या कापडाचा एक गठ्ठा काढून तिच्यापुढे धरला. "हे कुठे ठेवू, आई?"

"ठेव स्वयंपाकघरात," आई म्हणाली, आणि डोळ्यांना पदर लावला. "खोकी आहेत तिथंच. आणि यांना सांग, चहा उभ्यानेच प्या आता."

वडील म्हणाले, "उभाच आहे मी."

राहिलेले दिवस थोडेच होते. ते कसे गेले ते मला सांगता यायचे नाही, कारण मला घडी घालून कपाटावर ठेवले होते. माझी घडी घालता येते हे मलाच माहीत नव्हते. खालून यंत्राचा आवाज यायचा, कपाटाचे दार उघडल्याचा आणि मिटल्याचा आवाज यायचा, आणि दोन बायका कशावर तरी हसत असायच्या.

निघायच्या सकाळी मला खाली काढले. जवान भरायला लागला. नर्सने कपाटातून सगळे काढले नाही. तिचा एक निळा झगा आणि त्याचे दोन शर्ट दांडीला तसेच राहिले. आईने ते पाहिले आणि लगबगीने हँगर काढायला गेली.

"अगं, हे राहिलं."

"राहिलं नाही, आई. ठेवलंय," नर्स म्हणाली.

आईचा हात हँगरवरच थांबला. तिने निळा झगा पुन्हा नीट सरळ केला, दार लावले आणि आमच्यापुढे न येता आतूनच म्हणाली, "जा सांभाळून. आणि कधी येताय ते आधी कळवू नका उगाच. या नुसते."

त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. जवानाकडे चाकांची बॅग आली आणि मी त्या कपाटावरच राहायला आले. धूळ बसते, शिवणी उसवत चालल्या आहेत. कधी कुणी झटकते, कधी महिनोन्महिने कुणी बघतही नाही. त्याचे वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? पण मित्रांनो, माझ्याकडे नका बघू. तुम्ही कुणाच्या घरी राहायला गेलात, तर आधी बॅग रिकामी करा. कपाट कुठले, खण कुठला, हे विचारायला लाजू नका. चादर थोडी विस्कटू द्या. तुम्ही तयारीत उभे असता, आणि घरातली माणसे ते रोज मुकाट्याने बघत असतात. दारात भरलेली बॅग असली की त्यांना तुम्ही आल्यासारखे वाटतच नाही, हे मी दोन घरांच्या दारात उभी राहून पाहिले आहे.